ओव्हरहॉल केलेले इंजिन सुरू होईना : दोष कसा शोधावा?

(शेतकरी प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बियाणे, खत आणि पाणी यांच्याइतकीच पीक उत्पादनात वेळेलाही किंमत आहे. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्यावर, जमिनीत वाफसा आला की करावी अशी शिफारस आहे. कोरडवाहू रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात साधावी लागते. बागायती गहू १५ नोव्हेंबरच्या आत पेरला नाही, तर पुढच्या प्रत्येक पंधरवड्याच्या उशिरामुळे हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पादन घटते. या साऱ्या तारखा पाळायच्या असतील तर त्या दिवशी ट्रॅक्टर चालू पाहिजे. भारी काळ्या जमिनीतला वाफसा मिस्त्रीची वाट पाहत थांबत नाही.

इंजिन उघडून लायनर, पिस्टन, रिंगा बदलल्या, हेडचे काम केले, बिल चुकते केले आणि घरी आणल्यावर इंजिन सुरूच होत नाही, असा अनुभव पुष्कळांना येतो. मग सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून पाहिले जाते, कोणी पंप बदला म्हणतो, कोणी नोझल बदला म्हणतो. खर्च वाढत जातो आणि पेरणीचे दिवस निघून जातात. पीकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने इंजिनावर बोलावे ते याच कारणासाठी. सर्व दुरुस्ती आपण स्वतः करावी असा माझा आग्रह नाही. परंतु दोष कोठे आहे हे क्रमाने तपासता आले, तर निम्मे काम आपल्याच हाताने होते, आणि राहिलेले काम मिस्त्रीला नेमके सांगता येते.

मूळ सूत्र

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी की, उघडण्यापूर्वी इंजिन धूर देत होते, तेल खात होते, ताकद कमी होती, पण सुरू होत होते. तेव्हा आता जो दोष आहे तो बहुधा उघडताना किंवा बांधताना जेथे हात लागला, तेथेच आहे. ज्या भागाला कोणी हात लावला नाही तो भाग त्याच आठवड्यात आपोआप बिघडला, असे क्वचितच घडते. म्हणून प्रथम विचारावे, 'काय काय उघडले होते?' त्याची यादी कागदावर लिहून काढावी.

दुसरी गोष्ट डिझेल इंजिनाच्या स्वभावाची. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. त्यात ठिणगी नाही. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा पडला की ते आपोआप पेटते. म्हणजे इंजिन सुरू होण्यास तीनच गोष्टी लागतात : डिझेलचा चांगला फवारा, पुरेशी दाबलेली गरम हवा, आणि फवारा पडण्याची बरोबर वेळ. इंजिन सुरू होत नसेल तर या तिघांपैकी एक नाही. शोध एवढाच घ्यावयाचा आहे.

सेल्फ मारण्यापूर्वी

नव्याने बांधलेल्या इंजिनाला पहिलाच सेल्फ मारण्याची घाई करू नये. आधी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये आहे, पी.टी.ओ. सुटलेला आहे, हातब्रेक लावला आहे आणि चाकांखाली दगड आहेत, याची खात्री करावी. जमिनीवर उभे राहून स्टार्टरच्या दोन टोकांवर पाना किंवा पेचकस टेकवून इंजिन फिरवण्याची सवय अत्यंत घातक आहे. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर इंजिन सुरू होताच मागचे चाक अंगावरून जाते. असे अपघात खेडोपाडी झालेले आहेत.

२) ऑइलची पातळी डिपस्टिकवर पाहावी. ती वाढलेली असेल, किंवा ऑइल दुधासारखे पांढरट दिसत असेल, तर लायनरच्या खालच्या रबरी रिंगा किंवा हेड गॅसकिट यांतून पाणी झिरपत आहे असे समजावे. अशा वेळी सेल्फ मारू नये.

३) सर्व नोझल काढून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. ते एकसारखे, थोडे जड फिरले पाहिजे. एखाद्या ठिकाणी लोखंडावर लोखंड आदळल्यासारखे अडकले, तर जोर लावू नये. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असण्याची शक्यता असते, आणि जोर लावला तर पुशरॉड वाकतो. नोझलच्या भोकातून पाणी उडाले, तर सिलिंडरमध्ये पाणी आहे. पाणी दाबले जात नाही. त्याच स्थितीत सेल्फ मारला असता तर कनेक्टिंग रॉड वाकला असता.

४) इंजिन बंद करण्याची दांडी ओढून धरावी आणि सेल्फ थोडा थोडा मारून ऑइलचा काटा वर येतो का ते पाहावे. ऑइल बेअरिंगपर्यंत पोहोचल्याशिवाय इंजिन सुरू करणे म्हणजे नवे बेअरिंग कोरडे घासणे होय.

५) एअर क्लीनरच्या तोंडावर बसेल एवढी सपाट फळी जवळ ठेवावी. पंपाची दांडी आत अडकली असेल तर इंजिन सुरू होताच बेफाम पळते आणि किल्लीने बंद होत नाही. अशा वेळी हवा बंद करणे हाच उपाय. त्यासाठी फळीच वापरावी, हाताचा तळवा किंवा कापड लावू नये.

धुराकडे पाहावे

आता सेल्फ मारावा. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन वेळांमध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे. एकाने सेल्फ मारावा व दुसऱ्याने सायलेन्सरच्या तोंडाकडे पाहावे. या वेळी दिसणारी लक्षणे तीन प्रकारची असतात.

इंजिन जोरात फिरते, पण धूर अजिबात नाही : डिझेल सिलिंडरपर्यंत जात नाही.

इंजिन कण्हत कण्हत, मंद फिरते : दोष बॅटरी, वायरी, स्टार्टर यांत आहे किंवा इंजिन आवळून बांधले आहे.

इंजिन चांगले फिरते आणि पांढरा धूर येतो : डिझेल जात आहे, परंतु पेटत नाही. दोष टाइमिंगचा किंवा कॉम्प्रेशनचा आहे.

एवढे एक निरीक्षण नीट केले तरी पुढची दोन-तृतीयांश शोधाशोध वाचते. आता एकेक लक्षण पाहू.

धूर नाही : डिझेलची वाट तपासावी

टाकीपासून सुरुवात करावी. टाकी कित्येक दिवस रिकामी राहिली असेल तर तळाशी पाणी व गाळ साचतो, तो खालच्या नटातून काढून टाकावा. कॉक उघडा आहे का, टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे का, हे पाहावे.

नंतर इंजिन बंद करण्याची दांडी पाहावी. इंजिन बांधताना तिची केबल उलटी किंवा ताणून बसवली, तर दांडी आत ढकलली तरी पंपावरचा लहान लिव्हर 'बंद' याच स्थितीत राहतो. केबल सोडून तो लिव्हर हाताने हलवून पाहावा. किल्लीने बंद होणाऱ्या ट्रॅक्टरात पंपावर विजेचा सोलेनॉइड असतो. किल्ली फिरवताच त्यातून बारीक 'टक्' असा आवाज आला पाहिजे. आवाज नसेल तर त्याची वायर सुटलेली असण्याचा संभव असतो.

यानंतर एअर काढावी. इंजिन बांधल्यावर सुरू न होण्याचे सर्वांत नेहमीचे आणि सर्वांत स्वस्त कारण म्हणजे डिझेलच्या नळ्यांत धरलेली हवा. हवा काढण्याचा क्रम टाकीकडून नोझलकडे असा ठेवावा :

१) फिल्टरवरील एअरचा स्क्रू ढिला करून फीड पंपाचा हातपंप मारावा. बुडबुडे थांबून अखंड डिझेल आले की हातपंप मारत असतानाच स्क्रू आवळावा. दोन फिल्टर असतील तर आधी पहिला, मग दुसरा.

२) इंजेक्शन पंपावरील एअरचा स्क्रू ढिला करून हेच करावे.

३) शेवटी नोझलकडील नळ्यांचे नट एक-दीड फेरा ढिले करावेत, ॲक्सिलरेटर पूर्ण द्यावा आणि सेल्फ मारावा. नटापाशी डिझेल थांबून थांबून उसळू लागले की नट आवळावेत.

हातपंप मारताना तो घट्ट लागतच नसेल, तर फीड पंपाचा दट्ट्या कॅमच्या उंचवट्यावर थांबला असेल. इंजिन अर्धा-एक फेरा फिरवून पुन्हा पाहावे. बुडबुडे थांबतच नसतील, तर टाकी ते फीड पंप या भागात कोठेतरी हवा ओढली जात आहे. हा भाग फसवा असतो. तेथून डिझेल गळताना दिसत नाही, पण हवा मात्र आत जाते. तांब्याचे जुने वायसर पुन्हा वापरणे, फिल्टरची जुनी रबरी रिंग न काढता त्यावर नवी बसवणे, रबरी नळी चिरलेली असणे, ही याची कारणे आहेत.

नोझलपाशी काम करताना एक धोका ध्यानात ठेवावा. नोझल साधारण १७५ ते २५० किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाला उघडते. त्यातून निघणारा फवारा कातडी भेदून आत जातो. जखम टाचणीएवढी दिसते, पण डिझेल मांसात पसरते आणि बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. फवाऱ्याखाली हात धरू नये. तसे झालेच तर घरगुती उपाय न करता ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

नवीन ट्रॅक्टर घेतलेल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले आहेत, आणि अशा अनेक ट्रॅक्टरांत कॉमन रेल पद्धतीची यंत्रणा असते. तिच्यातील दाब १,००० किलोच्याही बराच वर जातो. त्या इंजिनात नोझलकडील नळ्या ढिल्या करून एअर काढू नये. ते काम कंपनीच्या प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावे.

इंजिन मंद फिरते : बॅटरी आणि बेअरिंग

हवा पुरेशी तापण्यासाठी ती झटकन दाबली गेली पाहिजे. इंजिन मंद फिरले तर हवेतील उष्णता लायनरच्या भिंतीत निघून जाते व डिझेल पेटत नाही. नव्या रिंगांमुळे इंजिन आधीच जड झालेले असते. त्यामुळे पूर्वी चालून जाणारी कमजोर बॅटरी आता पुरत नाही.

पूर्ण भारलेल्या १२ व्होल्ट बॅटरीचा दाब विश्रांतीच्या स्थितीत १२.६ व्होल्टच्या आसपास असतो. सेल्फ मारताना तो साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली गेला तर बॅटरी भारून घ्यावी किंवा तपासून घ्यावी. टोकांवरची पांढरी बुरशी कोमट पाण्याने धुवावी. बॅटरीजवळ बिडी-काडी पेटवू नये, कारण तिच्यातून निघणारा वायू स्फोटक असतो.

बॅटरी चांगली असूनही सेल्फ मंद असेल तर अर्थिंगची पट्टी पाहावी. ओव्हरहॉलनंतर इंजिनाला रंग मारला जातो आणि पट्टी त्या रंगावरच आवळली जाते. रंगातून वीज वाहत नाही. तेवढी जागा पॉलिश कागदाने घासून पट्टी पुन्हा बसवावी. हा पाच मिनिटांचा उपाय ठाऊक नसल्यामुळे चांगले स्टार्टर बदलले जातात.

नोझल काढून हाताने फिरवतानाही इंजिन फार जड लागत असेल, तर मात्र दोष आतला आहे. बेअरिंगची माप चुकली असतील, किंवा कॅप अदलाबदल झाल्या असतील. प्रत्येक कॅप तिच्याच जागी आणि तिच्याच दिशेने बसवावी लागते. अशा इंजिनाला ओढून 'मोकळे' करण्याचा प्रयत्न करू नये. ते परत उघडणे हेच स्वस्त पडते.

पांढरा धूर : टाइमिंग आणि कॉम्प्रेशन

येथे खरी परीक्षा असते, आणि पैसाही येथेच सर्वांत जास्त वाया जातो. डिझेल जाते, सायलेन्सर ओला होतो, डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतो, पण इंजिन पेटत नाही. प्रथम टाइमिंग तपासावे.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा आणि पंपाचा एक फेरा होतो. त्यामुळे पहिल्या सिलिंडरचा पिस्टन दोन वेळा अगदी वर येतो. एकदा हवा दाबून, आणि एकदा जळलेला वायू बाहेर टाकून. फ्लायव्हीलवरची खूण दोन्ही वेळा सारखीच जुळते. खूण जुळली म्हणून पंप बसवला आणि ती वेळ दुसरी असली, तर पंप बरोबर एक फेरा चुकीचा बसतो. फवारा पडतो, पण व्हॉल्व्ह उघडे असताना पडतो. अशा स्थितीत कितीही सेल्फ मारला तरी इंजिन पेटणार नाही.

याची तपासणी सोपी आहे. वरचे झाकण काढावे. खूण जुळेपर्यंत इंजिन हाताने फिरवावे आणि पहिल्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर बोटांनी हलवून पाहावेत. दोन्ही थोडे सैल असतील तर दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत, म्हणजे हा हवा दाबण्याचा फेरा आहे. दोन्ही ताठ असतील, आणि इंजिन किंचित मागे-पुढे करताच एक खाली व दुसरा वर होत असेल, तर तो दुसरा फेरा आहे. इंजिन आणखी एक पूर्ण फेरा फिरवून पंपाची खूण पाहावी.

एका शेतकऱ्याचे उदाहरण सांगतो. मे अखेरीस त्यांचे इंजिन बांधून झाले. पांढरा धूर येई, पण सुरू होईना. मिस्त्रीने पंप खराब ठरवला. पंप शहरात नेऊन दुरुस्त केला, तरी तेच. मग नोझल बदलली, तरी तेच. तोपर्यंत मृगाचा पाऊस होऊन गावात पेरण्या सुरू झाल्या. ते म्हणाले, "सर, पंप झाला, नोझल झाली, आता राहिलं काय?" त्यांना एवढेच विचारले, "भाऊ, इंजिन उघडायच्या आधी पंप चालत होता ना?" ते म्हणाले, "चालत होता की!" मग झाकण काढून वर सांगितल्याप्रमाणे रॉकर पाहिले. पंप एक फेरा चुकीचा बसला होता. तो काढून बरोबर बसवण्यास दोन तासही लागले नाहीत. पंपाच्या आणि नोझलच्या दुरुस्तीचे पैसे मात्र परत आले नाहीत, आणि पेरणी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरने, भाडे देऊन करावी लागली.

टाइमिंगच्या गिअरवरील ठिपके जुळवून बसवले होते का, हेही मिस्त्रीला विचारावे. मधला आयडलर गिअर असलेल्या इंजिनात एकदा इंजिन फिरले की ते ठिपके पुन्हा पुष्कळ फेऱ्यांनंतर एका रेषेत येतात. त्यामुळे नंतर उघडून पाहिल्यावर ठिपके समोरासमोर दिसले नाहीत, तर लगेच गिअर चुकले असे म्हणू नये.

पंपाकडून निघणाऱ्या नळ्या योग्य नोझललाच जोडल्या आहेत का, तेही पाहावे. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत पेटण्याचा क्रम १-३-४-२ असा असतो. आपल्या इंजिनाचा क्रम पुस्तिकेतून पाहून घ्यावा.

टाइमिंग बरोबर असेल तर कॉम्प्रेशनकडे वळावे. पुढील क्रमाने तपासणी करावी.

१) टॅपेट : टॅपेट फार आवळले असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि हवा निसटते. बहुतेक इंजिनांत हे अंतर ०.२ ते ०.४ मि.मी.च्या दरम्यान असते. नेमके माप पुस्तिकेप्रमाणे, फीलर गेजने ठेवावे.

२) नोझलचे वायसर : नोझल काढताना तांब्याचे जुने वायसर पुष्कळदा आतच चिकटून राहते आणि त्यावर नवे बसते. त्यामुळे नोझलचे टोक वर राहते, फवारा चुकीच्या जागी पडतो आणि हवाही निसटते. टॉर्चने आत पाहून खात्री करावी.

३) हवेची वाट : काम चालू असताना हेडच्या भोकात कचरा जाऊ नये म्हणून चिंधी कोंबतात. ती तशीच राहिली का ते पाहावे. सायलेन्सर महिनाभर शेडमध्ये पडून असेल तर कुंभारीण माशी त्यात मातीचे घर करते. तेही पाहावे.

४) रिंगा व व्हॉल्व्ह : नोझलच्या भोकातून दोन लहान चमचे इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये सोडावे, इंजिन हाताने दोन-चार फेरे फिरवावे आणि नोझल बसवून पुन्हा प्रयत्न करावा. ऑइलमुळे इंजिन जड लागू लागले व पेटण्यासारखे झाले, तर रिंगांमधून हवा जात आहे. कधी कधी लायनर-रिंगा कोरड्या बसवल्यामुळे असे होते, आणि एकदा सुरू झाल्यावर सुधारते. काहीच फरक पडला नाही, तर दोष व्हॉल्व्हच्या बैठकीत किंवा हेड गॅसकिटमध्ये आहे. ऑइल यापेक्षा जास्त सोडू नये.

पाण्याच्या इंजिनाबद्दल

विहिरीवरच्या एक सिलिंडरच्या इंजिनालाही हेच सूत्र लागू पडते आणि तपासणी उलट सोपी असते. हँडलने हळू फिरवताना नोझलमधून 'चुर्रक' असा आवाज एका ठरावीक जागी आला पाहिजे. आवाज नसेल तर डिझेल जात नाही किंवा नोझल फवारत नाही. डीकॉम्प्रेशनची दांडी खाली टाकून फ्लायव्हील फिरवून पाहावे. दाबाच्या जागी ते चेंडूसारखे उसळी घेऊन मागे आले पाहिजे. सहज पुढे निघून गेले, तर कॉम्प्रेशन नाही. ही दांडी नीट खाली बसत नसेल तर व्हॉल्व्ह उघडाच राहतो, हेही एक नेहमीचे कारण आहे.

हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, हँडलला वेढा घालू नये. गळ्यातला गमछा काढून ठेवावा. आणि विहिरीच्या आत, खालच्या टप्प्यावर इंजिन चालवू नये. धुरातील विषारी वायू तेथे साचून माणूस बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढण्यास उतरलेला दुसराही पडतो.

काय करू नये

१) एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पंप, टॅपेट आणि नोझल यांना एकाच वेळी हात लावला, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही आणि नवा दोष तयार होतो.

२) पहिल्या दिवशी ट्रॅक्टर ओढून सुरू करू नये. टाइमिंग चुकले असेल तर व्हॉल्व्ह वाकतात. सिलिंडरमध्ये साचलेले डिझेल लायनरवरचे ऑइल धुऊन टाकते व नव्या रिंगा कोरड्या घासतात.

३) ईथर फवारून किंवा एअर क्लीनरपाशी पेटता बोळा धरून इंजिन सुरू करू नये. ईथर वेळेआधी पेटते आणि रिंगा, पिस्टन फुटू शकतात.

४) इंजेक्शन पंप शेतात किंवा झाडाखाली उघडू नये. त्यातील भागांमधली फट मि.मी.च्या हजाराव्या भागात मोजली जाते. धुळीचा एक कण पुरेसा होतो.

इंजिन सुरू झाल्यानंतर

इंजिन सुरू होताच ऑइलचा काटा पाहावा. १०-१५ सेकंदांत दाब आला नाही तर लगेच बंद करावे. पाणी, ऑइल, डिझेल कोठे गळते का ते पाहावे. इंजिन गरम झाल्यावर, पुस्तिकेत सांगितले असेल त्याप्रमाणे हेडचे नट टॉर्क पान्याने, मधून कडेकडे या क्रमाने पुन्हा आवळावेत व टॅपेट तपासावेत.

पहिले ५० तास हलके काम घ्यावे. पलटी नांगर लावू नये. मात्र तासन्‌तास नुसते चालू ठेवणेही बरे नाही, कारण भाराशिवाय रिंगा नीट बसत नाहीत. वखरणी, हलकी वाहतूक अशी कामे द्यावीत. ५० तासांनंतर ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलावा. झिजून पडलेला लोखंडाचा कीस त्याबरोबर निघून जातो.

पुढच्या वेळेसाठी

इंजिनाचे मोठे काम रब्बीची मळणी उरकल्यावर मार्च-एप्रिलमध्ये काढावे आणि अक्षय तृतीयेपर्यंत इंजिन सुरू होऊन तपासलेले असावे. मग पहिले ५० तास उन्हाळी मशागतीच्या हलक्या कामांत निघून जातात, आणि रोहिणीचा पाऊस पडेल तेव्हा ट्रॅक्टर पूर्ण कामाला तयार असतो. मे अखेरीस इंजिन उघडणे म्हणजे पेरणीचे दिवस पणाला लावणे होय.

इंजिन उघडताना शक्यतो आपण स्वतः हजर राहावे. पंप काढण्यापूर्वी पंपाच्या फ्लँजवर आणि इंजिनावर मिळून एक रेघ छिन्नीने मारून घ्यावी. नळ्यांना दोऱ्याने आकडे बांधावेत. जागोजागी मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. कोणते सुटे भाग बदलले ते बिलावर लिहून घ्यावे आणि काढलेले जुने भाग परत मागून घ्यावेत. इंजिन आपल्यासमोर सुरू होऊन अर्धा तास चालल्यावरच पूर्ण पैसे द्यावेत, हे काम देण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. चांगला मिस्त्री याला हरकत घेत नाही.

आणि तरीही इंजिन सुरू झाले नाही, तर सेल्फची किल्ली सोडून प्रथम कागद घ्यावा. काय उघडले होते, धूर कोणता येतो, इंजिन कसे फिरते, एवढ्या तीन ओळी लिहाव्यात आणि त्या घेऊन मिस्त्रीकडे जावे. 'सुरू होत नाही' एवढेच सांगितले तर तो अंदाजाने सुटे भाग बदलतो. 'डिझेल येते, पांढरा धूर आहे, पंप काढला होता' असे सांगितले तर तो सरळ टाइमिंगला हात घालतो. वाफशाचे दोन दिवस वाचतात ते यामुळेच.